हप्ता तीस दिवसांचा, गाडी चालते किती दिवस?

या वेळी पत्रं खूप आलीत आणि जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच आहे, मालवाहतुकीचं मार्केट कसंय, पुढं काय होणार, ट्रक-टेम्पोची गाडी घ्यावी का आहे ती विकावी. कळंबोली, उरण, ऐरोली, भिवंडी, घोडबंदर, सगळीकडून लिहिलंय लोकांनी. सगळं छापणं शक्य नाही म्हणून सहा प्रश्न घेतले. नावं मुद्दाम टाकली नाहीत, कारण काहींनी पार्टीकडं पैसे अडकल्याचं लिहिलंय आणि उद्या परत त्याच दारात गाडी लावायची असते.

प्रश्न: माझी एक दहा चाकी आहे, तळोज्यातून माल उचलतो, पुणे आणि गुजरात लाइन. वर्षभरात भाडं काही वाढलं नाही, ब्रोकर म्हणतो गाड्याच जास्त झाल्यात. पण जीएसटी कमी झाल्यापासून शोरूमवाले सारखे फोन करतायत की हीच वेळ आहे. दुसरी गाडी घेऊ का? – एक वाचक, कळंबोली

दादा, आधी शोरूमवाल्याचं खरं काय ते सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, टायरवरचाही तसाच. म्हणजे 30 लाख मूळ किमतीच्या गाडीला 3 लाख कमी. आणि हा फायदा मोठ्या फ्लीटवाल्यापेक्षा तुमच्या-माझ्यासारख्याला जास्त आहे, कारण गिऱ्हाइकाला जीएसटी लावून बिल करणारा मोठा ट्रान्सपोर्टर गाडीवरचा टॅक्स आधीपासून क्रेडिटमधे, म्हणजे त्याला भरायच्या जीएसटीतून, वळता करून घेत होताच, आपण मात्र गाडी ट्रान्सपोर्टरला भाड्यानं देतो, त्यावर जीएसटी नाही म्हणून क्रेडिटही नाही, तो 28 टक्के आपल्याच खिशातून जायचा. तेव्हा 3 लाख वाचतात हे खरं. पण गाडी स्वस्त झाली म्हणून माल वाढत नाही ना. आणि स्वस्त झाली ती सगळ्यांनाच झाली, म्हणजे तुमच्यासारखे अजून पन्नास जण आत्ता शोरूममधे बसलेत.

माझं स्वतःचं सांगतो. 2018 च्या मार्चमधे मी दहा चाकी घेतली, 25 टन पासिंगची, म्हणजे गाडी आणि माल मिळून तेवढ्या वजनाची परवानगी. जुलैमधे केंद्र सरकारनं एक्सल लोड वाढवला, त्याच दहा चाकीचं पासिंग 28.5 टन झालं. पेपरात वाचून घरात आनंद, चला आता साडेतीन टन माल जास्त भरता येईल. पण जास्त माल काय फक्त माझ्याच गाडीत बसणार होता का, सगळ्यांच्याच गाडीत बसायला लागला. आधी 16 टन जायचा तिथं साडेएकोणीस टन, म्हणजे सहा गाड्यांचा माल पाच गाड्यांत बसला आणि सहावी नाक्यावर उभी राहिली. ती सहावी माझी होती. सप्टेंबरला आयएल अँड एफएस या मोठ्या फायनान्स कंपनीचं कर्ज थकल्याचं प्रकरण झालं, फायनान्सवाल्यांनी हात आखडता घेतला, मग 1 एप्रिल 2020 पासून गाडीच्या धुराचा नवा नियम, बीएस सिक्स, आला आणि नेमका त्याच वेळी लॉकडाऊन. ती दोन वर्षं कशी काढली ते आम्हालाच माहीत, बायकोच्या पाटल्या गहाण होत्या त्या 2022 ला सुटल्या.

तेव्हापासून मी भाड्याचा दर बघून मार्केट ठरवत नाही. एक आखीव वही आहे, शाळेच्या पोरांची असते तशी, त्यात रोज एक खूण. गाडी भरलेली चालली तर निळी, रिकामी चालली तर काळी, उभी राहिली तर लाल. उभी म्हणजे कशामुळं तेही एका शब्दात, ‘गेट’, ‘लोड नाही’, ‘काम’ म्हणजे दुरुस्ती, ‘बंदी’. महिना संपला की लाल मोजायच्या.

आता तुमच्या दुसऱ्या गाडीचा हिशोब करू. 30 लाख लोन, 10 टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता बसतो चौसष्ट हजारांच्या आसपास. ड्रायव्हर 25 हजार धरा. इन्शुरन्स, टॅक्स, परमिट, फिटनेस मिळून वर्षाला सव्वा लाखाच्या आतबाहेर, म्हणजे महिन्याला दहा हजार. झाले 99 हजार. म्हणजे डिझेलचा एक थेंब न जाळता, टायर न झिजवता रोजचे तेहतीसशे. गाडी नाक्यावर उभी असली तरी तेहतीसशे, तुम्ही झोपला असला तरी तेहतीसशे. महिन्यात दहा दिवस उभी राहिली तर 33 हजार गेले, आणि हे कुठल्या बिलात दिसत नाही म्हणून माणसाला कळत नाही.

उलटं बघा. ब्रोकरशी भांडून भांडून टनामागं 50 रुपये वाढवून घेतले, 18 टनाला 900, महिन्यात आठ ट्रिप झाल्या तर 7,200. त्याऐवजी तीन दिवस गाडी कमी उभी राहिली तर दहा हजार. आपण सगळे त्या 50 रुपयांसाठी घसा कोरडा करतो आणि तीन दिवस फॅक्टरीच्या गेटवर गप्प बसून राहतो.

तर माझं मत असं. आहे त्या गाडीची तीन महिने वही ठेवा, त्यात दिवाळीआधीचा तेजीचा महिना एकटा धरू नका, पावसाळ्यातला एक तरी पाहिजे कारण पावसात बांधकाम थंड पडतं आणि स्टील-सिमेंटचा माल कमी होतो. लाल खुणा महिन्याला आठच्या वर असतील तर दुसरी गाडी घेऊ नका, ती पहिलीच्याच मागं रांगेत उभी राहील. सहाच्या आत असतील आणि जाता-येता दोन्ही बाजूचा माल कुणी लिहून देत असेल, तोंडी नाही, लिहून, तर घ्या, जीएसटीचे 3 लाख डाउन पेमेंटमधे टाका, हप्ता कमी करा. जुनी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, नॅशनल परमिटला साधी दोन एक्सलची गाडी 12 वर्षं आणि मल्टी एक्सल, म्हणजे दोनपेक्षा जास्त एक्सलची, 15 वर्षं चालते, तेव्हा अकरा वर्षांची दोन एक्सलची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून गुजरात लाइनसाठी घेऊन बसाल तर वर्षभरात ती राज्यातच फिरवावी लागेल.

प्रश्न: मिस्टरांच्या दोन गाड्या आहेत, हिशोब मी बघते. एका कंपनीच्या ट्रान्सपोर्टरकडं साडेचार महिन्यांचं भाडं बाकी आहे, फोन केला की ‘वरून पेमेंट आलं नाही’. आपण काही करू शकतो का, की फक्त फोनच करत राहायचं? – एक वाचक, ऐरोली

ताई, करू शकता, पण त्याची तयारी पैसे अडकायच्या आधी करावी लागते, म्हणून हे इतर वाचकांनीही वाचा.

उद्यम नोंदणी आहे का तुमची? नसेल तर आजच करा, फुकट आहे, ऑनलाइन होते, कुणा एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. माल वाहतूक ही सेवा आहे, त्यामुळं सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी होते. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करायची, ती राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जाते. आणि 1 एप्रिल 2024 पासून आयकरात अजून एक गोष्ट लागू झाली, मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळं मार्च जवळ आला की त्यांचा सीए स्वतःच विचारतो की उद्यमवाल्यांचं किती बाकी आहे. तुमच्या बिलावर उद्यम नंबर छापलेला असेल तरच तो विचारेल हो. म्हणून बिलावर, लेटरहेडवर, मेलच्या खाली, सगळीकडं टाका. नोंदणीच्या आधीच्या कामाला हा आधार मिळणं अवघड जातं, म्हणून घाई करा म्हणतोय.

आणि पीओडी. सही-शिक्क्याची पोच पावती मूळ प्रत ट्रान्सपोर्टरच्या पोराच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. आमच्याकडं एकदा एका पार्टीनं चार महिन्यांनी सांगितलं की तुमच्या अकरा ट्रिपच्या पीओडी आमच्याकडं आल्याच नाहीत. मिस्टरांसारखाच मी, विश्वासावर देऊन आलो होतो. अकरातल्या सातच्या झेरॉक्स ड्रायव्हरच्या सीटखाली सापडल्या, तेलाचे डाग पडलेल्या, त्या सातचे पैसे आले, चारचे आजपर्यंत नाही. आता माल उतरला की गेटवरच फोटो, मूळ प्रत देताना दुसऱ्या कागदावर तारीख टाकून सही. तुम्ही हिशोब बघता म्हणजे हे तुम्हीच करा, ताई, ड्रायव्हरवर सोडू नका.

आत्ताच्या साडेचार महिन्यांसाठी: सगळी बिलं एका कागदावर तारखेसकट मांडून लेखी मागणी करा, मेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही. आणि कृपा करून नवीन माल ‘आधीचं क्लिअर करतो’ या बोलीवर उचलू नका. गाडी दोन दिवस उभी राहिली तर साडेसहा हजाराचं नुकसान, उधारीत चालली तर डिझेल पण तुमचं. डिझेल 90 रुपये धरलं आणि गाडी लिटरला चार किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला साडेबावीस रुपये तुम्ही त्याला कर्जाऊ देताय. कधी कधी उभी गाडी स्वस्त पडते, ती हीच वेळ.

प्रश्न: आमचे तीन ट्रेलर जेएनपीटी बंदराला लोकल आणि लांबच्या दोन्ही लाइनला आहेत. रेल्वेची मालगाड्यांची वेगळी लाइन आली की कंटेनर सगळा रेल्वेनं जाणार, वाढवणला नवीन बंदर होणार, असं ऐकून पोरं म्हणतात ट्रेलर विका. – एक वाचक, उरण

घाबरून विकू नका, पण लाइन बदला. ती वेस्टर्न फ्रेट कॉरिडॉर 1,506 किलोमीटरची आहे, दिल्लीजवळच्या दादरीपासून जेएनपीटीपर्यंत, आणि सगळ्यात शेवटी राहिलेला तुकडा आपल्याच बाजूचा, वैतरणा ते जेएनपीटी. त्यावर कंटेनरवर कंटेनर ठेवून गाडी जाते. म्हणजे दिल्ली, राजस्थानचा माल तिकडं ओढला जाणार यात शंका नाही, तिथं ट्रेलर रेल्वेशी दरात टिकणार नाही. पण चाकण, नाशिक, वापी, सिल्वासा, संभाजीनगर, या शंभर-साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात रेल्वे फॅक्टरीच्या दारात जात नाही, कंटेनर दोनदा उतरवा-चढवा करायला कुणाला परवडत नाही. हा पट्टा ट्रेलरचाच आहे. वाढवणचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं, समुद्रात भराव घालून बांधायचं बंदर आहे ते, आजचा हप्ता त्याच्याकडं बघून ठरवायचं कारण नाही.

तुम्हाला खरा धोका दुसरीकडून आहे, तो म्हणजे सरकारी निर्णय आणि लांबच्या घडामोडी एका रात्रीत माल थांबवतात. डिसेंबर 2023 ला कांद्यावर निर्यातबंदी आली, मे 2024 पर्यंत राहिली, लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरून बंदरावर येणाऱ्या किती गाड्या बसल्या ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्याच सुमारास तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, वेळापत्रकं कोलमडली, आणि इकडं आपला ड्रायव्हर बिचारा पार्किंग प्लाझात बसून विचारतोय की शेठ गेट कधी उघडणार. एकाच मालावर किंवा एकाच शिपिंग एजंटवर तिन्ही ट्रेलर लावू नका. एक इम्पोर्टच्या थेट डिलिव्हरीला, एक एक्स्पोर्टला, एक लोकल फेऱ्यांना.

लोकलमधे तर सगळा खेळ फेऱ्यांचाच. दर फेरीवर मिळतो, दिवसाला एक झाली का दोन झाल्या यावर महिना ठरतो. जासई, गव्हाण फाटा, द्रोणागिरी, यार्डात रिकामा कंटेनर परत द्यायला जाताना किती तास गेले हे लिहा. रेटची बोलणी करताना हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, कितव्या तासापासून ते आधी ठरवा, नंतर मागितलं तर भांडण, आधी ठरवलं तर हिशोब.

प्रश्न: वय 24, बी.कॉम. झालंय, वडील ड्रायव्हर होते. भिवंडीच्या गोडाऊनला ई-कॉमर्सच्या मालासाठी महिन्याच्या बोलीवर टेम्पो लावायचा विचार आहे. सीएनजी घेऊ का डिझेल? – एक वाचक, कासारवडवली

वडिलांचं नाव काढायला निघालायस, बरं वाटलं वाचून. सीएनजी-डिझेल नंतर, आधी ॲग्रीमेंट वाच. महिन्याच्या बोलीत तीन गोष्टी बघायच्या: किती दिवसांची हमी, किती किलोमीटरच्या वर जादा पैसे, आणि इंधन वाढलं तर दर वाढणार का. तिसरी बहुतेक कागदांत नसते, लिहून घे. नसेल देत तर दर तेवढा जास्त माग. आणि काम कधी बंद करू शकतात ते बघ, सात दिवसांच्या नोटिशीवर काढू शकत असतील तर पाच वर्षांचा हप्ता कशाच्या जोरावर घेणार तू?

साडेसात टनांच्या आत एकूण वजनाची गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 ला ते स्पष्ट केलंय. तेव्हा पहिलं वर्ष स्वतः चालव. ड्रायव्हरचा पगार वाचतो ते आहेच, पण माणकोलीला संध्याकाळी किती वेळ जातो, गायमुखचा घाट कधी पॅक असतो, कुठल्या गोडाऊनचा सुपरवायझर गाडी लवकर सोडतो, हे शिकायला दुसरा क्लास नाही. कासारवडवलीत राहतोस म्हणजे घोडबंदरचं काय सांगू तुला.

सीएनजी रोजच्या 100-150 किलोमीटरच्या शहरी कामाला चांगलं, पण पंपावरच्या रांगेचा तास धंद्यातून जातो हे धर. नोव्हेंबर 2025 मधे ट्रॉम्बेकडं गॅसच्या मुख्य पाइपलाइनला इजा झाली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबईत गाड्या पंपावर अडकून पडल्या होत्या. रात्री अकरानंतर भरायची सवय लागेल अशी तयारी असेल तर सीएनजी घे.

प्रश्न: समृद्धीचा आपल्याला काही फायदा आहे का, टोल बघून छाती दडपते. – एक वाचक, पडघा

5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि 701 किलोमीटर पूर्ण झाले. कसारा घाट टळतो, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, भरलेल्या गाडीचे ब्रेक-क्लच वाचतात. नागपूर लाइन असेल तर टोल फक्त डिझेलशी तोलू नका, एक दिवस वाचतो का ते बघा, तो दिवस तेहतीसशेचा आहे. नाशिकपर्यंतच जायचं असेल तर बहुतेक वेळा जुना रस्ता बरा. आणि आमण्याला उतरून भिवंडीत शिरायची वेळ अवजड गाड्यांच्या बंदीच्या तासांत येऊ देऊ नका, नाहीतर वर कमावलेले चार तास खाली रस्त्याच्या कडेला जातात. रात्री दोनला निघण्यापेक्षा कधी कधी पहाटे पाचला निघालेली गाडी आधी खाली होते.

प्रश्न: तुर्भ्याला आमच्या चार गाड्या आहेत, दोनला ड्रायव्हर नाही. पगार वाढवला तरी टिकत नाहीत. शिवाय माल उतरवायची वारई (हमाली) पण गाडीवाल्यानंच द्यायची, हे कधी थांबणार? – एक वाचक, कोपरखैरणे

वारईचं आधी. ज्याचा माल त्याचा हमाल, ही मागणी वाहतूकदार वर्षानुवर्षं करतायत आणि ती रास्त आहे. हमाल आपला वैरी नाही, तो पण घामच गाळतो, त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, पण ते मालवाल्यानं द्यावेत. माल भरायच्या आधी बिल्टीवरच, म्हणजे मालाच्या पावतीवरच, लिहून घ्या, ‘भरई-उतरई पार्टीकडं’. दहातले चार-पाच तरी मानतात.

ड्रायव्हरचं मात्र मनापासून सांगतो. जानेवारी 2024 ला देशभर ड्रायव्हर गाड्या सोडून उतरले, पंपांवर रांगा लागल्या, कारण नव्या कायद्यात अपघात करून पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. ते कलम पुढं लागू केलं नाही, पण घराघरात जी भीती बसली ती बसली, बायको म्हणते नको ही लाइन. आता नव्या ट्रकला एसी केबिन आली, चांगलं झालं, एप्रिल-मे मधे कळंबोलीच्या पत्र्याच्या केबिनमधे बसून बघा म्हणजे कळेल. पण तुमच्या चारही गाड्या जुन्या असणार.

तुम्ही पगार वाढवला म्हणता, भत्ता कशावर देता? ट्रिपवर ना? मग गाडी तीन दिवस गेटवर उभी राहिली की तुमचे रोजचे तेहतीसशे जातात तसे त्याच्या खिशातून पण पैसे जातात, जेवण बाहेरचं, आंघोळीला पैसे, आणि ट्रिप एकच. तो नोकरी सोडतो ती पगारासाठी नाही, त्या तीन दिवसांसाठी सोडतो. मी 2022 पासून उभ्या दिवसाचे 500 वेगळे देतो, दुसऱ्या दिवसापासून, आणि महिन्यात पाच दिवस घरी, ठरलेल्या तारखेला, गाडी कुठंही असो, बदली माणूस पाठवतो. गावी जायच्या तारखा त्याच लाल-निळ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या असतात आणि त्या त्याच्या समोर लिहितो. माझे दोन्ही ड्रायव्हर तेव्हापासून तेच आहेत, एक बीडचा, एक जौनपूरचा. आधी दोन महिने एकाच गाडीवर करून बघा, आणि काय झालं ते मला कळवा.